बाजार ई-क्लासवर नेऊ नका

प्रति,
मा. नगराध्यक्ष, सर्व सन्माननीय नगरसेवक आणि मा. मुख्याधिकारी यांस,

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या गावचा मतदार नाही. राहतो अमरावतीला. चैत्रात एका जुन्या सोबत्याच्या तेरवीसाठी तुमच्या गावी आलो होतो. दोन दिवसांसाठी आलो आणि पाच दिवस राहिलो. ज्याची तेरवी होती तो जिनात, म्हणजे कापसातली सरकी काढतात त्या कारखान्यात, हमाल होता, माझ्याबरोबर पाच हंगाम काढलेला माणूस. त्याच्या घरून परतताना नगरपरिषदेच्या भिंतीवरची जाहीर सूचना वाचली. मंगळवारचा आठवडी बाजार जुन्या जागेवरून उठवून बायपासजवळच्या ई-क्लास, म्हणजे सरकारी गायरान जमिनीवर नेण्याचा ठराव झाला आहे, मोकळ्या होणाऱ्या जागेवर व्यापारी संकुल उभं राहणार आहे, हरकती तीस दिवसांत द्याव्यात, असं त्यात लिहिलं आहे. ते वाचल्यापासून मला चैन नाही. माझी हरकत मी कार्यालयात रीतसर दिली आहे. हे पत्र उघडपणे लिहितो आहे ते यासाठी की हा बाजार भोवतालच्या चाळीसेक खेड्यांचा आहे आणि त्या खेड्यांतल्या बायामाणसांना ती भिंत वाचायला मिळणार नाही.

गावाचं नाव मी लिहीत नाही. ते तुम्हाला माहीत आहे, आणि मला गावाची बदनामी करायची नाही.

तुमच्या गावाशी माझा संबंध 1986च्या दिवाळीपासूनचा. कापूस एकाधिकार खरेदी योजनेत मी हंगामी ग्रेडर म्हणून लागलो तेव्हा पंचविशीत होतो. तो काळ तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी लहानपणी पाहिला असेल. 1972 साली ती योजना सुरू झाली होती आणि शेतकऱ्याचा सगळा कापूस सरकारी केंद्रावरच यायचा. जुन्या जिनापासून चौकापर्यंत आणि चौकापासून पार जकात नाक्यापर्यंत बंड्यांची रांग लागायची. दोन दोन रात्री शेतकरी बंडीखाली झोपायचे. मी बंडीवर चढून कापसात कोपरापर्यंत हात घालायचो, वरचा आणि खालचा माल काढून बघायचो, बोटांवर धागा ओढून लांबी पाहायचो. एच-4 वाणाचा कोणता, एलआरए वाणाचा कोणता, डागी-किडकी कवडी किती, ओल किती, हे ठरवून चिठ्ठी द्यायचो. माझ्या एका अक्षराने त्या माणसाच्या वर्षभराच्या मेहनतीचा भाव ठरायचा, आणि ती जाणीव मला अजून सोडत नाही. कित्येकांनी मला मनातल्या मनात शिव्या दिल्या असतील. पण माझ्या पाच हंगामांत या गावात मला एकदाही उपाशी झोपावं लागलं नाही. रात्री अकरा वाजता चौकातल्या खानावळीतून कोणीतरी भाकरी आणि झुणका आणून द्यायचं. हे गाव म्हणजे माझी पहिली नोकरी. तिथेच मला माणसं कळली.

त्या दिवसांत चौक कशावर चालायचा, हे मी अगदी जवळून पाहिलं आहे. कापूस विकला की शेतकरी पायीच बँकेत जायचा. चुकारा हाती पडला की उधारी फेडायला किराणा दुकानात, तिथून कापडाच्या दुकानात, मग कासाराकडे, सोनाराकडे, शेवटी हॉटेलात कचोरी खाऊन मोटर स्टँडवर. एवढं सगळं पाच-सातशे पावलांत. पैसा जिनातून निघायचा आणि गावातच फिरायचा.

आता मी उतरलो तो बायपासवरच्या नव्या बस स्थानकावर. तिथून चौकात यायला ऑटोला वीस रुपये दिले. ऑटोवाला पोरगा म्हणाला, "चौकात कोनी जात नाही काकाजी, तिथं काय हाये?" त्याला वाईट बोलायचं नव्हतं, त्याने आपलं जे दिसतं ते सांगितलं. मला ते फार लागलं.

चौकातल्या मोठ्या कापड दुकानाला पाच पायऱ्या होत्या. मी त्या पायऱ्यांवर बसून चहा प्यायलो आहे, म्हणून मोजलेल्या आहेत. आता दोन उरल्या. बाकीच्या तीन रस्त्याखाली गेल्या. जुना रस्ता न खरवडता डांबरावर डांबर आणि त्यावर सिमेंट असं चढवत नेल्यावर दुसरं काय होणार! त्या दुकानाची तरी जोती उंच होती. शेजारचा शिवणकाम करणारा माणूस आता रस्त्याच्या खाली बसतो. पावसाळ्यात तो मशीन विटांवर चढवतो आणि उंबऱ्यापाशी सिमेंटची पोती लावतो. भिंतीवर पाण्याची रेघ दिसत होती, माझ्या गुडघ्याच्या जरा खाली. रस्ता झाला याचा फलक चौकात आहे, त्यावर खर्चाचा आकडाही आहे. ज्यांच्या दारासमोर तो झाला त्यांच्या घरात पाणी शिरलं, त्याची नोंद कुठे आहे?

कडूनिंबाची झाडं त्याच कामात गेली. चौक ते गुजरी या रस्त्यावर मला एक झाड दिसलं, आणि त्याखाली तीन ऑटो, एक रसवंती, दोन म्हातारे आणि एक गाय असे सगळे दाटीवाटीने उभे होते. विदर्भातल्या उन्हात सावली काढून घेतली की रस्ता सकाळी दहालाच ओस पडतो, हे मी तुम्हाला सांगायला नको.

गुजरीकडे वळताना एका रांगेत सलग अकरा शटर बंद. सोमवार होता, सकाळचे साडेअकरा. कुलपांवर गंज. नगरपरिषदेचं आधीचं संकुल त्याच्या समोरच आहे. तळमजल्यावर चार-पाच गाळे चालू आहेत, वरचा मजला पूर्ण रिकामा. जिन्यात दारूच्या बाटल्या आणि कबुतरांची घाण. मी वर जाऊन आलो आहे. एका दुकानदाराने सांगितलं की लिलावात अनामत इतकी चढली की ज्यांना दुकान चालवायचं होतं ते मागे राहिले आणि ज्यांना पैसा गुंतवायचा होता त्यांनी गाळे घेतले. त्यांना उघडायची घाई नाही. हे खरं असेल तर दुसरं संकुल कोणासाठी बांधता आहात?

हा चौक एका दिवसात बसला नाही. एकाधिकार योजना गेली, खासगी खरेदी आली, जिनिंग बायपासवर गेले. आता सीसीआयची, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाची खरेदीही तिकडेच होते. शेतकरी ट्रॅक्टर घेऊन थेट जिनिंगवर जातो, ओलावा बारा टक्क्यांच्या वर निघाला की माल घेऊन परत फिरतो, आणि माल घेतला गेला तर पैसे थेट त्याच्या खात्यात पडतात. गावात शिरायचं त्याला कारणच राहत नाही. मग स्थानक गेलं, म्हणजे खेड्यातून उतरणारा माणूस गेला. तहसील नव्या इमारतीत गेली, तिच्याबरोबर अर्जनवीस, झेरॉक्सवाले, चहावाले गेले. यातल्या प्रत्येक गोष्टीला त्या त्या वेळी चांगलं कारण असेल. जुनी तहसील गळत होती, हे मीही पाहिलं होतं. पण एकेक कारण बाहेर नेताना गावाच्या पोटात काय उरेल, हा विचार कोणी मांडल्याचं ऐकलं नाही.

कापसाचा भाव तुमच्या हातात नाही, हे मला कळतं. लांब धाग्याला 2025-26चा हमीभाव क्विंटलला 8,110 रुपये जाहीर झाला आणि त्याच वर्षी ऑगस्टपासून डिसेंबरअखेर कापसावरचं आयातशुल्क माफ होतं. शेतकऱ्याच्या खिशात कमी आलं की चौकात कमी येतं. त्याचा जाब मी तुम्हाला विचारत नाही. पण बाजार तुमच्या हातात आहे. चौकात यायला उरलेलं हे शेवटचं कारण आहे.

मंगळवारी मी तिथे सकाळी सहाला जाऊन बसलो.

आदल्या दिवशी जिथे कुत्री झोपली होती तिथे सात वाजेपर्यंत पाय ठेवायला जागा नव्हती. अंबाडी, सांबार म्हणजे कोथिंबीर, भेदरं म्हणजे टोमॅटो, वांगी, चवळी, लसणाच्या जुड्या. मेळघाटाकडची एक बाई मोहफुलं आणि चारोळी घेऊन आली होती. दोऱ्या, केरसुण्या, विळे-खुरपी, लोखंडी पावशी, मातीचे माठ, गोधड्या, बांगड्या, उंदराचं औषध, जुने कपडे. धान्याच्या ओळीत तूर आणि ज्वारी घेऊन बसलेले छोटे शेतकरी, ज्यांचा माल इतका थोडा असतो की तो मोंढ्यात न्यायला परवडत नाही. ज्या शिंप्याच्या घरात पाणी शिरतं, त्याच्याकडे त्या दिवशी ओळीने माणसं उभी होती. चक्की सुरू होती. न्हाव्याची दुकानं भरली होती. सहा दिवस मेल्यासारखा पडलेला चौक सातव्या दिवशी उठून बसतो, आणि त्या एका दिवसाच्या कमाईवर तिथली बरीच घरं आठवडा काढतात.

माझ्याजवळ एक पासष्टीची आजी बसली होती. बारा किलोमीटरवरच्या खेड्यातून पहाटेच्या जीपने येते. अंबाडी, चुका, सांबार आणि घरच्या चार कोंबड्यांची अंडी. पोतं अंथरलं, वर एक ओलं फडकं, त्यावर जुड्या. दर अर्ध्या तासाने ती बाटलीतलं पाणी हातावर घ्यायची आणि भाजीवर शिंपडायची. ऊन चढलं, घामाने तिचं लुगडं पाठीला चिकटलं, पण तिने स्वतः एक घोट घेतला नाही. मी म्हटलं, "माय, पाणी प्या की थोडं." ती म्हणाली, "पानी पेलं तं जा लागते, भाऊ. जाचं कुठं?"

मी मग शोधायला गेलो. पुरुषांसाठी भिंतीआड एक मुतारी आहे, नाक धरून जावं लागतं अशी. बायकांसाठी एक खोली आहे. तिला कुलूप आहे. कुलपाची किल्ली कोणाकडे, हे वसुलीवाल्याला विचारलं, त्याला माहीत नव्हतं. त्या आजीला डॉक्टरने मुतखडा सांगितला आहे आणि रोज तीन लिटर पाणी प्यायला सांगितलं आहे. मंगळवारी ती दुपारी चारपर्यंत तोंड ओलं करत नाही. तीस रुपयांची बाजार चिठ्ठी मात्र तिने सकाळी नऊच्या आत फाडली होती. चिठ्ठी तिने मला दाखवली, घडी करून कमरेच्या पिशवीत जपून ठेवलेली, जणू तिथे बसायचा हक्क त्या कागदातच आहे.

अध्यक्षमहोदय, त्या बाजारात निम्म्याहून जास्त विक्री करणाऱ्या बाया आहेत. त्यांनी वर्षानुवर्षं चिठ्ठ्या फाडल्या. त्या पैशातून त्यांना एक उघडं दार मिळालेलं नाही. माझ्या सगळ्या तक्रारींत ही मला सर्वांत जड वाटते.

आता ही आजी ई-क्लासवर कशी जाईल? जीप तिला जकात नाक्यावर सोडते. तिथून जुना बाजार डोक्यावर गाठोडं घेऊन दहा मिनिटं. ई-क्लास अगदी दुसऱ्या टोकाला, महामार्ग ओलांडून. मी ते अंतर चालून पाहिलं, पाऊण तास लागला. ऑटोने गेली तर जाण्यायेण्याचे चाळीस रुपये, आणि दिवसभराची तिची कमाई तीन-साडेतीनशे. तिचं गिऱ्हाईक म्हणजे जुन्या वस्तीतल्या बाया, पिशवी घेऊन पायी येणाऱ्या. त्या महामार्ग ओलांडणार नाहीत. गाडीवाले जातील, पण गाडीवाले दोन जुड्या अंबाडीसाठी थांबत नाहीत.

तुमची बाजूही मी ऐकली. एका नगरसेवकांशी चौकात भेट झाली, त्यांनी शांतपणे वेळ दिला, याबद्दल त्यांचे आभार. त्यांचं म्हणणं असं की मंगळवारी रुग्णवाहिका अडकते, ट्रक शिरतात, शाळेची पोरं गर्दीतून जातात, दुकानदारांचीही तक्रार आहे. रुग्णवाहिकेची गोष्ट खरी आहे. एक अडकलेली मी स्वतः पाहिली आणि माझा जीव वरखाली झाला. पण ती अडकली होती चौकात उभ्या केलेल्या दोन टेम्पोंमुळे आणि एका चारचाकीमुळे. भाजीच्या पोत्यांनी तिची वाट धरली नव्हती. पोती तर बायांनी उचलून घेतली. मंगळवारी सकाळी सात ते रात्री आठ चौकात मोठी वाहनं बंद केली आणि जुन्या जिनाच्या पडीक आवारात गाड्या लावायची सोय केली, तर हा प्रश्न पुष्कळसा सुटेल. त्याला संकुल लागत नाही. दोन गृहरक्षक, दोरी आणि पाट्या लागतात.

आणि ज्या दुकानदारांनी बाजार उठवा म्हणून सह्या दिल्या आहेत, त्यांनाही मी हात जोडून विनंती करतो. दारासमोर पोतं टाकून बसलेली बाई तुम्हाला अडचण वाटते, हे समजतं. पण तिच्याकडे आलेलं गिऱ्हाईकच पुढे तुमच्याकडे येतं. स्थानक गेलं तेव्हा तुमच्या वडिलांना वाटलं होतं की गर्दी गेली, बरं झालं. त्यातले एक वडील तेरवीला भेटले. ते आज काय म्हणतात ते त्यांना विचारा.

कायदा काय म्हणतो तेही इथे लिहितो, कारण बाजारात बसणाऱ्यांना तो कोणी सांगितलेला नाही. 2014 सालचा पथविक्रेत्यांच्या उपजीविकेच्या संरक्षणाचा केंद्रीय कायदा आहे. त्याप्रमाणे विक्रेत्यांचं सर्वेक्षण पूर्ण होऊन त्यांना प्रमाणपत्रं मिळेपर्यंत कोणालाही हटवता किंवा हलवता येत नाही. नगर पथविक्रेता समितीत चाळीस टक्के जागा विक्रेत्यांच्या प्रतिनिधींच्या, त्यातल्या एकतृतीयांश बायांच्या. त्याच कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत असंही आहे की जिथे पन्नास वर्षांहून जास्त काळ विक्रेते धंदा करत आले आहेत, तो नैसर्गिक बाजार वारसा बाजार म्हणून जाहीर करावा आणि तिथल्या विक्रेत्यांना हलवू नये. मी 1986 साली तुमच्या गावी आलो तेव्हाच म्हातारी माणसं त्या जागेला जुना बाजार म्हणत होती. मी त्या मंगळवारी तीसेक विक्रेत्यांना विचारलं. सर्वेक्षण झाल्याचं एकालाही माहीत नव्हतं आणि समितीचं नाव एकानेही ऐकलेलं नव्हतं.

तुमच्याकडे माझं मागणं असं आहे.

बाजार हलवण्याचा ठराव आजच स्थगित करा. आधी सर्वेक्षण, मग समिती, मग जे बोलायचं ते त्या समितीसमोर. आणि हरकतींची सुनावणी मंगळवारी, बाजारातच घ्या. सभागृहात बुधवारी दुपारी ठेवली तर अंबाडी विकणारी बाई एका दिवसाची मजुरी बुडवून येणार नाही, आणि मग कोणी हरकत घेतली नाही असं लिहिलं जाईल.

बायकांच्या त्या खोलीचं कुलूप पुढच्या मंगळवारच्या आत काढा. आत पाणी, दिवा आणि आतून लागणारी कडी द्या, आणि साफसफाईला एक बाई पगारावर ठेवा. याला अंदाजपत्रक, निविदा, मंजुरी यांची वाट पाहू नका. नवीन शौचालय पावसाळ्याआधी बांधा. पाणपोई उन्हाळ्यात सुरू करा, तिचा नळ कोरडा आहे.

बाजार वसुलीचा हर्रास, म्हणजे लिलाव, दरवर्षी कितीत जातो आणि त्यातून बाजारावर किती खर्च होतो, हा हिशेब बाजाराच्या तोंडाशी मोठ्या अक्षरांत लावा.

आधीच्या संकुलाचे रिकामे गाळे परत घ्या आणि अनामत न घेता मासिक भाड्याने द्या. पहिला हक्क त्या शिंप्यासारख्यांचा, ज्यांच्या दुकानात रस्त्यामुळे पाणी शिरतं. ते गाळे भरल्याशिवाय नव्या संकुलाची एक वीटही लावू नका.

यापुढे चौकातला कोणताही रस्ता जुना थर खरवडल्याशिवाय करू नका. गुजरीमागची नाली मोकळी करा. तोडलेल्या प्रत्येक कडूनिंबाच्या जागी झाड लावा आणि त्याला तीन उन्हाळे पाणी द्या.

खेड्यांच्या गाड्या बाजाराच्या दिवशी तरी जुन्या मोटर स्टँडवर थांबाव्यात, असा ठराव करून एसटीच्या आगाराकडे पाठवा. तुमचा ठराव असला तर आगाराला उत्तर द्यावं लागेल. माझ्यासारख्याच्या अर्जाला ते देत नाहीत, मी करून पाहिलं.

काही वर्षं नगरपरिषदा प्रशासकांच्या हाती होत्या. तेव्हा लोक म्हणायचे, सांगायचं कोणाला? 2025च्या डिसेंबरात निवडणुका झाल्या आणि तुम्ही लोकांच्या मतांनी तिथे बसला आहात. तुमच्यापैकी तिघांची घरं जुन्या वस्तीत आहेत, एकाची आई त्या बाजारातून भाजी घेताना मी पाहिली. म्हणून तुम्हाला हे सांगता येतं, आणि तुम्ही ऐकाल असा भरवसा वाटतो.

मी दर मंगळवारी येऊ शकत नाही, गुडघे साथ देत नाहीत. पण सुनावणीची तारीख कळवलीत तर त्या दिवशी नक्की येईन. त्या आजीलाही मी तसं सांगून ठेवलं आहे. ती आणि तिच्या ओळीतल्या आणखी सात जणी यायला तयार आहेत. त्यांच्या अंगठ्यांसह आणि सह्यांसह केलेली हरकत मी आवक टेबलावर दिली आहे. तिची पोच अजून मिळालेली नाही. साहेब जेवायला गेले आहेत, शिक्का त्यांच्या कपाटात आहे, असं सांगितलं गेलं. तीस दिवसांची मुदत संपायच्या आत ती पोच तारखेसह मिळावी.

आपला नम्र,
एक जुना ग्रेडर
अमरावती